पाण्याच्या बाटलीतला थिनर

आमच्या नाक्यावर पेट्रोल पंप आहे. गाडी ढकलत आलेला एखादा पोरगा काकुळतीला येऊन रिकामी बाटली पुढे करतो, तेव्हा पंपावरचा माणूस भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो : बाटलीत पेट्रोल मिळणार नाही. पंपापासून चार गाळे सोडून हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे नुसतं "एक लिटर थिनर" म्हटलं की पोऱ्या मागे जातो, लोखंडी पिंपात नळी सोडतो, तोंडाने ओढून धार धरतो आणि पाण्याची रिकामी बाटली गळ्यापर्यंत भरून आणतो. गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात सकाळची उदबत्ती अजून धुमसत असते. बाटलीवर पाण्याच्या कंपनीचा कागद तसाच, त्यावर बर्फाचे डोंगर. बिल मागितलं की पोऱ्या हसतो.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा या दोन द्रवांत फरक करत नाही. ज्याचा फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली, ते सगळं 'अ' वर्गात. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाच्या वर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान. रंग-पॉलिश पातळ करायला वापरतात त्या टोल्युइनचा ४ अंश, ॲसिटोनचा उणे वीसच्या आसपास, आणि फर्निचरच्या पॉलिशला लागणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हे बहुधा अशाच मंडळींचं मिश्रण. महाबळेश्वरला दव गोठतं त्या दोन-चार पहाटा सोडल्या, तर महाराष्ट्रात टोल्युइन वर्षभर, अहोरात्र पेट घ्यायला तयार असतं. ठिणगी तेवढी हवी.

माझं म्हणणं असं की पंपावरची पाटी हार्डवेअरच्या दुकानातही लागली पाहिजे, सुटा थिनर बंद झाला पाहिजे, आणि जो आपल्या घरात पॉलिशचं काम करून घेतो त्यालाही आगीचा जाब विचारला गेला पाहिजे. आजवर आपण 'पॉलिशवाल्याने बिडी पेटवली असेल' या एका वाक्यावर भागवत आलो.

मी रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, त्यातली शेवटची वर्षं सेफ्टीत. तिथे टोल्युइन ओतायचं म्हणजे सोहळाच असे. पिंप लोखंडी, बादली लोखंडी, दोघांना जोडणारी तांब्याची तार, तिचा चिमटा रंग खरवडून उघड्या पत्र्याला लावलेला, आणि तिथून अर्थिंग. चिमटा लागल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. नवीन पोरांना हे थोतांड वाटायचं. त्यांना मी एवढंच सांगायचो, की टोल्युइन नळीतून वाहताना स्वतःच वीज साठवतं, थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं तशी. आपल्या बोटाला चटका कळायला साधारण एक मिलिज्यूल ऊर्जा लागते. टोल्युइनच्या वाफेला पेटायला त्याच्या पाव हिश्श्याइतकी पुरते. म्हणजे आपल्याला जी ठिणगी जाणवणारही नाही ती तिला पुरेशी आहे. आणि प्लॅस्टिकच्या कॅनला अर्थिंग लागू पडत नाही. प्लॅस्टिकमधून वीज वाहून जातच नाही. कारखान्यात जे करायला बंदी होती, ते नाक्यावरच्या दुकानात दिवसातून वीसदा होतं.

आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तिसऱ्या मजल्यावर एका सदस्याकडे फर्निचरचं काम चाललं होतं. जिन्यातच वास येऊ लागला म्हणून वर गेलो. दारात ओलं पोतं. आत हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद, फटींना कागदी चिकटपट्टी, पंखा बंद. दोन पोरं वॉर्डरोबची दारं आडवी टाकून स्प्रे मारत होती, पृष्ठभाग नीट दिसावा म्हणून शेजारी हॅलोजन पेटवलेला. कोपऱ्यात वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन, झाकण नाही, तोंडाला फडकं कोंबलेलं. स्वयंपाकघरात फ्रिज चालू. "खिडकी उघडा," म्हटलं तर थोरला म्हणाला, "साब, धूल चिपकेगी. फिर पूरा घिसना पडेगा, पैसा कौन देगा?"

त्याचं काय चुकलं? ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा एक हात, आणि दोन्ही त्याच्या पदरचे. ठेका चौरस फुटावर आहे, श्वासावर नाही. खिडक्या बंद ठेवण्याचा निर्णय त्या पोराचा दिसतो, पण तो घेतलेला असतो मालकाने, ज्या दिवशी 'आरशासारखं फिनिश हवं' म्हणत सगळ्यांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं त्या दिवशी.

त्या बंद हॉलचा हिशेब मांडून बघू. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर त्याची सुमारे २३० लिटर वाफ होते. हवेत ही वाफ १.१ टक्क्यापासून ७.१ टक्क्यांपर्यंत असली की पेट घेते. म्हणजे एका लिटरच्या वाफेने जवळपास २० घनमीटर हवा पेटाऊ होऊ शकते. दहा बाय आठची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण तेवढीच हवा. पाण्याच्या एका बाटलीत एक अख्खी खोली मावते. आणि हा हिशेब वाफ सगळीकडे सारखी पसरली असं धरून केलेला. प्रत्यक्षात ती हवेपेक्षा तिपटीने जड. ती वर जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरकते, उंबऱ्याखालून जाते, फ्रिजच्या मागे साचते. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर चालू केला की आत रिलेची बारीकशी ठिणगी उडते. बिडी नंतरची गोष्ट.

वाफ किती लांब जाते याचं मला आठवणारं सर्वांत धडधडीत उदाहरण अमेरिकेतलं, केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातलं आहे. सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यातून हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवून काढायला वापरतात तो ज्वालाग्राही द्रव, गटारात गेलं. १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे कामावर निघालेल्या दोन बायकांची मोटार एका पुलाखालून गेली, तिच्या ठिणगीने वाफ पेटली आणि दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते गटारासकट उखडले. पहाट होती, रस्ते रिकामे होते, म्हणून माणसं मेली नाहीत. कारखाना शाबूत, शहर फुटलं. आपल्याकडे लातूर-अकोल्याच्या सोयाबीन पट्ट्यातही याच हेक्झेनने तेल काढतात, आणि तिथे निदान प्रत्येकाला ठाऊक असतं की आपण कशाशेजारी उभे आहोत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटखाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

रिकाम्या पिंपाबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण भंगारवाल्यांकडे होणारे अपघात मी कामाच्या निमित्ताने जवळून पाहिले आहेत. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेटायला हवाच अपुरी पडते. टोल्युइनचं तसं नाही. २५ अंशाला बंद भांड्यात त्याची वाफ ३.८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, म्हणजे पेट घेण्याच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर. उन्हाळ्यात ३५ अंशालाही ती पट्ट्याच्या आतच राहते. भरलेलं पिंप पेटतं, रिकामं पिंप फुटतं. तळाशी वाटीभर थिनर उरलेलं पिंप 'रिकामं' म्हणून विकलं जातं, कोणीतरी पाण्यासाठी घेतं, आणि गॅस कटरने झाकण कापायला देतं. कापणाऱ्याचं तोंड झाकणापासून हातभर अंतरावर असतं.

वासाचं काय, असं कोणी विचारेल. वास येतोच की! नाक टोल्युइनचे हवेतले दहा लाखात दोन-चार भाग टिपतं. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीला दहा लाखात १०० भागांची मर्यादा होती. आणि आगीची खालची मर्यादा? ११,०००. हे तीन आकडे एका ओळीत उभे करून बघा. जिथे कामगाराची छाती आणि डोकं शाबूत राहील इतकी हवा खेळते, तिथे आग शंभर पावलं दूर असते. सेफ्टीच्या सगळ्या नोकरीत याहून कामाची गोष्ट मला सापडली नाही. आगीचा बंदोबस्त आणि कामगाराच्या आरोग्याचा बंदोबस्त हे वेगवेगळे खर्च नाहीत. हवा खेळती ठेवली की दोन्ही झाले. अडचण एवढीच, की नाक पाच-दहा मिनिटांत थकतं. मी वर गेलो तेव्हा जिन्यात मला मळमळलं आणि आतल्या पोराला वास येतच नव्हता. "आदत है," म्हणाला. संध्याकाळी डोकं जड होतं ते तो उन्हावर ढकलतो.

आता कायद्याकडे येऊ. कायदा नाही असं नाही. पेट्रोलियम कायद्याचं कलम ८ सांगतं की 'अ' वर्गातला द्रव विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतो, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनी माती असेल तर एका लिटरपर्यंत, धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. वाक्य दोनदा वाचा. 'विक्रीसाठी नसेल तर.' आणि भांड्यांच्या यादीत प्लॅस्टिक नाही. नव्वद वर्षांपूर्वी प्लॅस्टिकच्या बाटल्या नव्हत्याच, म्हणून तो शब्द तिथे नसेल. पण नकळत का होईना, कायदा शहाणा निघाला. हा कायदा ज्या खात्याच्या हाती, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. नागपुरातून टँकर, पंप आणि मोठ्या टाक्या दिसतात. नाक्यावरची बाटली दिसत नाही, आणि एका मध्यवर्ती खात्याने ती बघावी ही अपेक्षाही भाबडी आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मी दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'बी' नमुन्याचं प्रमाणपत्र आणून देतो. पंप चालतो, होज रीलला दाब आहे, सिलिंडर भरलेले आहेत. तिसऱ्या मजल्यावर वीस लिटर थिनर उघडा पडलाय का, हे त्या कागदावर कोणी विचारत नाही. ज्या आठवड्यात ते पॉलिश चाललं होतं, त्या आठवड्यातही आमची इमारत कागदावर सुरक्षित होती.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. सरकारला सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखे विरघळवणारे द्रव, कळत नाहीत असं मुळीच नाही. पेट्रोलमध्ये भेसळ होते म्हणून २००० साली सॉल्व्हंट, आणि रॅफिनेट व स्लॉप या तेलशुद्धीकरणातल्या उरलेल्या द्रवांच्या खरेदी-विक्रीवर परवान्याचा आदेश निघाला. पोरं नशेसाठी हुंगतात म्हणून २०१२ साली व्हाइटनर आणि त्याच्या थिनरच्या बाटल्यांवर बंधन आलं. ॲसिड मुलींच्या तोंडावर फेकतात म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराला वही ठेवायला, ओळखपत्र पाहायला लावलं. तिन्ही बंधनं योग्यच होती. पण तिन्ही वेळा चिंता होती ती वस्तूच्या गैरवापराची. थिनर ज्या कामासाठी आहे त्याच कामात माणूस जळतो, तेव्हा त्यात गैरवापर कोणाचाच नसतो, आणि म्हणून बहुधा तो कोणाच्याच फाइलीत बसत नाही. व्हाइटनरची चिमुकली बाटली विकायला दुकानदार कचरतो. पाच लिटर थिनर तो डोळे मिटून देतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुटं विकलं जातं ते गरिबासाठी. सायकलवाल्याला, साइनबोर्ड रंगवणाऱ्याला, चपला चिकटवणाऱ्याला अर्धा पावशेर लागतो. सीलबंद पत्र्याचा डबा आला की भाव वाढणार, आणि निरीक्षकाला चिरीमिरीसाठी आणखी एक दार उघडणार. दोन्ही खरं आहे. पण हेच सगळं खाद्यतेलाबद्दलही म्हटलं जात होतं. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं मेली, आणि त्यानंतर सुटं तेल विकायला बंदी आली. सुटं तेल आजही कुठेकुठे मिळतं, हे मान्य. पण पाव किलोची पिशवीही निघाली, आणि गरिबाच्या घरचं तळण थांबलं नाही. थिनरचे पाव लिटरचे पत्र्याचे डबे निघू शकतात. रिकामा डबा परत आणला तर ठेव परत, हे आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटल्यांनी कित्येक वर्षं करून दाखवलं. आणि निरीक्षकाचंच म्हणाल तर त्याला दुकानात शिरायला कारणच नको असं करता येतं : भरणं डेपोतच, दुकानात पिंप दिसता कामा नये. पिंप आहे की नाही हे रस्त्यावरून दिसतं, त्याला तपासणी लागत नाही.

डब्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत दोन ओळी हव्यात, इंग्रजीतल्या सोळा नकोत. पेटलं तर पाणी मारू नका, झाकण टाका. खिडकी उघडी ठेवा. पाण्याबद्दलची ओळ मी आग्रहाने मागतो, कारण माणूस पहिली धाव बादलीकडे घेतो. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं. पाणी ओतलं की पेटता थिनर त्यावर तरंगत दारापर्यंत येतो आणि बाहेर पडायची वाटच अडवतो. कॅनच्या तोंडापुरती आग असेल तर पत्र्याचं झाकण किंवा पावडरचा सिलिंडर. त्याहून मोठी असेल तर बाहेर पडून दार ओढून घ्यायचं, कॅन वाचवायला जायचं नाही. कॅन उचलून गॅलरीत फेकायला धावणारा माणूस वाटेत स्वतःवरच सांडून घेतो.

लेबल नसलेल्या बाटलीचा आणखी एक बळी असतो, आणि तो पाच-सहा वर्षांचा असतो. थिनर पाण्यासारखाच दिसतो, पाण्याच्याच बाटलीत असतो, आणि खेळून आलेलं पोर तहानलेलं असतं.

मालकाच्या जबाबदारीवर लोक जास्त चिडतात. आमच्या सभेतही चिडले. "मी ठेका दिला, माझा काय संबंध?" हैदराबादच्या बाजारघाटात १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या रसायनाच्या पिंपांनी पेट घेतला आणि नऊ जण गेले, त्यात वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं होती. ढाक्याच्या चौकबाजारात २० फेब्रुवारी २०१९ च्या रात्री सत्तरहून अधिक माणसं गेली. तिथेही खाली-वर रसायनांचा साठा आणि मध्ये माणसांची घरं. अशा प्रत्येक ठिकाणी जागेचा एक मालक असतो, ज्याने भाडं किंवा फायदा घेतलेला असतो, आणि धोका मात्र त्याच्या शेजाऱ्यांनी उचललेला असतो. एका फ्लॅटमधल्या आठवडाभराच्या पॉलिशचं मोजमाप लहान आहे, नातं तेच आहे. कारखाना म्हणवून घ्यायला कामगारांची ठरावीक संख्या लागते. दोन पोरांचा हॉल कारखाना होत नाही. मग तिथे कारखान्याची काळजी कोणी घ्यायची? ज्याच्या नावावर हॉल आहे त्याने. मला दुसरं उत्तर दिसत नाही.

आम्ही सोसायटीत एक ठराव केला. चौदा विरुद्ध नऊ. स्प्रेचं काम फ्लॅटमध्ये नाही. दारं बिजागरीतून काढून गच्चीवर न्यायची, तिथे आडोसा करून मारायची. दिवसाला लागेल तेवढाच थिनर, पत्र्याच्या डब्यात. जे खिळलेलं आहे ते ब्रशने, खिडक्या उघड्या ठेवून. धूळ बसली तर पुन्हा घासण्याची मजुरी मालक देईल, हे ठेक्यातच लिहायचं. शेवटच्या कलमावर सगळ्यांत जास्त भांडण झालं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच होतं. बाकीच्या कलमांसाठी शिस्त लागते, याला फक्त पैसे लागतात, आणि पैसे मिळाले की पोरगा स्वतःच खिडकी उघडतो.

ठराव घेऊन मी नाक्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. चांगला माणूस आहे, वीस वर्षांची ओळख. म्हटलं, आमच्या सोसायटीचं गिऱ्हाईक आलं की बाटलीत देऊ नका, सीलबंद डबाच द्या. त्याने चहा मागवला. पिंपाकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडेही. "काका," म्हणाला, "उद्यापासून देतो. पण डब्याचे चाळीस रुपये जास्त सांगितले की गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यात जाणार. तो बाटलीतच देणार. मग माझं गिऱ्हाईक गेलं आणि तुमचा थिनर बाटलीतच आला. चारही दुकानांना एकाच दिवशी सांगायला लावा ना कोणाला तरी."